आईला विचारायचे प्रश्न

हेमाताईंना निरोपाची भाषा कधी कळली नाही. संध्याकाळी सहाला आम्ही पर्स उचलून "येते हं" म्हणालो की संगणकावरून मान वर न करता त्या विचारायच्या, "कधी?" सुरुवातीला मला तो टोमणा वाटायचा. एका शनिवारी मी "येते" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "उद्या रविवार आहे. सोमवारी येते असं म्हणा." मी वळून पाहिलं. चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, रागही नव्हता. त्यांना खरंच तेवढंच म्हणायचं होतं.

इंदिरानगरमधल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं सेंटर आहे. ज्यांना बोलायला उशीर झालाय, जी हाक मारली तर बघत नाहीत, एका जागी बसत नाहीत, अशी मुलं तिथे येतात. मी तिथे स्पीच थेरपिस्ट आहे. हेमलता देवरे आमचे रिपोर्ट टाइप करायच्या. मूळच्या सटाण्याच्या. टायपिंगच्या परीक्षा देऊन नाशिकला आल्या, एका खोलीत एकट्या राहिल्या आणि चौदा वर्षं आमच्याकडे काम केलं.

उंच होत्या, जरा पोक काढून चालायच्या. कायम सुती साडी आणि दोन्ही खांद्यांवरून पदर. तो पदर शालीनतेचा आहे असं सेंटर चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमना वाटायचं. खरं कारण मला बऱ्याच वर्षांनी कळलं. हेमाताई ब्लाउज स्वतः शिवत आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवत. "आतून टोचते," त्या म्हणाल्या, "दिवसभर दुसरं काही सुचत नाही." लोकांना उलटा ब्लाउज दिसू नये म्हणून पदर.

फोनचं त्यांना फार ओझं व्हायचं. कुठे फोन करायचा असेल तर आधी चिठ्ठीवर सगळं लिहून काढत, 'हॅलो'सुद्धा. मग चिठ्ठी समोर धरून वाचत. पलीकडच्या माणसाने चिठ्ठीत नसलेलं काही विचारलं की क्षणभर थांबून फोन ठेवून देत. पालक तक्रार करायचे. मग आम्ही फोनचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. त्या दिवशी त्यांनी मला आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दिली. ती कधी कुणाला देत नसत. डब्यात रोज बाजरीची भाकरी आणि तीच चटणी. दुसरं काही मी चौदा वर्षांत पाहिलं नाही.

एकदा मी त्यांना म्हटलं, "या ना एकदा घरी जेवायला."

"कोणत्या वारी?"

मी हसून म्हटलं, "या हो, रविवारी."

मी ते दाराबाहेर पडायच्या आत विसरले. रविवारी दुपारी बाराला दारावर बेल वाजली. मी शालू नेसून, गजरा माळून चपला शोधत होते, सिन्नरला लग्नाला निघालो होतो. दारात हेमाताई. हातात नारळ. त्यांनी माझ्या साडीकडे बघितलं, मागे कुलूप घेऊन उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही विसरलात. मी परत जाते." मी खूप गयावया केली, लग्नाला जाणं रद्द करते म्हटलं. त्या जिना उतरून गेल्या. सोमवारी मीच शरमून त्यांच्या टेबलाशी गेले. त्या म्हणाल्या, "मला आता कळलं. ते वाक्य जेवणाचं नव्हतं." आणि पुन्हा टाइप करायला लागल्या. त्यानंतर त्यांना असं वाक्य बोलायची माझी हिंमत झाली नाही. पण खरोखर बोलवायचीही झाली नाही. त्याची रुखरुख आजही आहे.

कामात मात्र त्यांच्यापुढे आम्ही सगळ्या कच्च्या. आमचं अक्षर, आमची घाई, वर्षानुवर्षं तीच ती वाक्यं. एकदा मी लिहिलेले दोन रिपोर्ट त्यांनी परत आणून दिले.

"दोघांनाही तुम्ही 'आवाजाचा त्रास होतो' लिहिलंय."

"होतोच ना."

"पहिल्याला आवाजाचा होतो. दुसरा मिक्सर लावायच्या आधीच कान झाकतो, लावल्यावर हात काढतो. त्याला वाट बघण्याचा त्रास होतो."

मी तो मुलगा सहा महिने रोज पाऊण तास समोर घेऊन बसत होते. हेमाताई त्याच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी पुढच्या वेळी नीट पाहिलं. त्यांचंच बरोबर होतं.

मुलांशी त्या बोलतच नसत. तरी एक चार वर्षांची मुलगी आली की किंचाळत सगळ्या खोल्या पालथ्या घालायची आणि शेवटी हेमाताईंच्या टेबलाखाली जाऊन बसायची. हेमाताई पाय जरा बाजूला घ्यायच्या आणि टाइप करत राहायच्या. मुलगी शांत. तिच्या आईने एकदा विचारलं, "तुम्ही काय करता हो?" हेमाताई म्हणाल्या, "काही करत नाही. तिलाही काही केलेलं नको असतं."

आमच्या रिपोर्टमधला एक शब्द त्यांना पटत नसे. मराठी रिपोर्टमध्ये आम्ही ऑटिझमला 'स्वमग्नता' लिहायचो. त्या टाइप करायच्या, पण प्रत्येक वेळी माझ्याकडे येऊन सांगायच्या, "हा शब्द चुकीचा आहे. स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेला. पण या मुलांना पंख्याचा आवाज, खालच्या रिक्षाचा आवाज, तुमच्या बांगड्या, सगळं ऐकू येतं. ही मुलं आत कुठे असतात? ती तर पूर्ण बाहेर असतात."

'ही मुलं' म्हणायच्या. तोपर्यंत तरी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारच्या सुट्टीत हेमाताई माझ्या खोलीत आल्या आणि टेबलावर काही कागद ठेवले. "हे बघा." आमच्याच सेंटरचा नमुना, तेच रकाने. मी सवयीने वाचायला लागले. नाव, हेमलता दौलत देवरे. वय, त्रेचाळीस. पुढे त्यांच्या नेहमीच्या नेमक्या भाषेत तीन पानं. बोलताना नजर कानाच्या पाळीवर ठेवते, कारण डोळ्यांत बघितलं तर शब्द ऐकू येत नाहीत. ठरलेला रस्ता बंद असेल तर घरी परतते. लोक हसले की दोन सेकंदांनी हसते, त्याचा सराव केला आहे. शरीरावरील खुणा, पोटावर डाव्या बाजूला गोल जन्मखूण. शेवटचे दोन रकाने रिकामे होते. 'बालपणीची माहिती देणारी व्यक्ती' आणि 'निष्कर्ष'.

"निष्कर्षात काय लिहायचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हेमाताई, मोठ्या माणसांचं निदान मी करू शकत नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ लागतात."

"ते माहीत आहे. तुम्हाला काय वाटतं ते विचारते."

मी पुन्हा पहिल्या पानावर गेले. त्या माझ्या कानाच्या पाळीकडे बघत होत्या.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

खोटं बोलायला हवं होतं असं आता वाटतं, आणि नव्हतं असंही वाटतं. मी म्हटलं, "सात-आठ वर्षं झाली असतील."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"मला रोजच वाईट वाटत होतं," त्या म्हणाल्या. "कारण माहीत नव्हतं, एवढंच." त्यांनी कागद उचलले, कडा जुळवल्या आणि गेल्या.

त्यानंतर काही महिने त्या एकाच प्रश्नात होत्या. रीतसर तपासणी करून घ्यायची की नाही. रोज जेवताना भाकरीचा एक घास झाला की एक वाक्य बोलायच्या. डॉक्टर मॅडमना विचारलं, तर त्यांनी मायेने समजूत घातली, "हेमा, तुझं सगळं छान चाललंय. आता या वयात कशाला ते नाव लावून घेतेस?" हेमाताई मला म्हणाल्या, "त्या म्हणतात, छान चाललंय. त्यांना काय दिसतं त्यात?" मी आधी म्हटलं, करून घ्या. मग आठवडाभराने म्हटलं, विचार करा, कागद एकदा आला की परत जात नाही. त्यांनी वहीत माझी दोन्ही मतं तारखांसकट लिहून ठेवली होती. "यातलं कोणतं धरू?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या लग्नाबद्दल मला तेव्हाच कळलं. बाविसाव्या वर्षी देवळ्याजवळच्या एका गावात दिलं होतं. अकरा महिने राहिल्या. पाहुणे आले की त्या धान्याच्या खोलीत जाऊन बसायच्या. दिराला हळद लागली तेव्हा घरात बँड वाजत होता आणि त्या गोठ्यात कान दाबून सापडल्या. मग बैठक बसली. दोन्हीकडची माणसं, गावातले पाच-सहा पंच. सासरच्यांनी सांगितलं, मुलगी मंद आहे, तुम्ही आम्हाला फसवलंत.

"वडील उठून उभे राहिले," हेमाताई म्हणाल्या. "म्हणाले, माझ्या मुलीत काही खोट नाही. असती तर दिली नसती. तुमच्या घरात तिला नीट वागवलं नाही. मग मला घेऊन घरी आले." त्यांनी घास चावला, गिळला. "त्याआधी वडील माझ्या बाजूने कधी बोलले नव्हते. नंतरही नाही. तेवढंच एकदा."

त्यांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

"कागद आला तर वडील खोटे पडतात," त्या म्हणाल्या. "नाही आला तर मी खोटी पडते. सगळ्यांना वाटतं, मी मुद्दाम अशी वागते."

शेवटी त्यांनी ठरवलं. मुंबईचे एक मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा नाशिकला येत, मोठ्या माणसांची तपासणी करत. मी फोन करून वेळ घेतली. त्यांच्याकडून एक कागद आला. पाच वर्षांच्या आतलं बालपण जवळून पाहिलेली व्यक्ती बरोबर आणावी आणि तिने हे प्रश्न आधी वाचून यावं. वर लिहिलं होतं, 'आईला विचारायचे प्रश्न'. मूल पहिल्यांदा कधी बोललं, बोट दाखवून वस्तू मागायचं का, इतर मुलांत मिसळायचं का, असे अकरा प्रश्न. हेमाताईंचे वडील वारले होते. आई होती, सटाण्याला धाकट्या भावाकडे.

"तुम्ही माझ्याबरोबर चला," हेमाताई म्हणाल्या. "मी विचारलं की माय रडते. मग मला पुढचा प्रश्न विचारता येत नाही. तुम्ही रोज आयांना हेच विचारता."

त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं मला तरी आठवत नव्हतं. मी रजा टाकली.

एसटीत खिडकीशी त्या कानांत कापूस घालून बसल्या होत्या. पिंपळगाव गेलं, देवळा गेलं, त्या घशात एक बारीक सूर धरून होत्या. सटाण्याच्या स्टँडपासून घरापर्यंत कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. त्या रांगेच्या कडेने भराभर चालल्या, मी मागे पडले तरी थांबल्या नाहीत.

भावाने, संजयने, अगत्याने स्वागत केलं. कांद्याचा व्यापार, दुमजली घर. "ताईच्या मॅडम आल्यात," म्हणून बायकोला हाक मारली. त्यांची मुलगी पल्लवी पाणी घेऊन आली. आई ओटीवर शेंगा फोडत बसली होती. सगळे तिला माय म्हणत. लहानखुरी, हिरवं लुगडं, हात सारखे चालू. माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "मन्ही हेमा तुमनी लई बात करस." माझी हेमा तुमच्याविषयी फार बोलते. मला ते खरं वाटलं नाही, पण बरं वाटलं.

जेवणं झाल्यावर आम्ही तिघी ओटीवर बसलो. मी कागद काढला. मायला समजावलं, हेमाताईंना थोडा त्रास होतो, डॉक्टरांना लहानपणाची माहिती हवी आहे. माय शेंगा फोडत राहिली.

"पहिल्यांदा कधी बोलल्या?"

"टाइमवर बोलनी. बठ्ठी पोरं बोलतस तशी." सगळी मुलं बोलतात तशी.

"इतर मुलींबरोबर खेळायच्या?"

"खेळे ना. गल्लीनी बठ्ठ्या पोरीसंगे खेळे."

हेमाताई म्हणाल्या, "माय, मी खेळत नव्हते. मी उंबऱ्यात बसून चिंचोके लावायचे."

"खेळे," माय म्हणाली.

"आवाजाची भीती वाटायची? कपडे टोचायचे?"

"नही. मन्ही आंडेर चांगली व्हती. चांगलीच शे." आंडेर म्हणजे लेक.

अकराही प्रश्नांना तीच उत्तरं. वीस वर्षं मी आयांना हे प्रश्न विचारते आहे. आठवत नाही म्हणणारी आई वेगळी दिसते आणि आठवतंय म्हणून गप्प बसणारी वेगळी. मायच्या हातातल्या शेंगा फुटत होत्या, पण दाणे आणि टरफलं ती एकाच सुपात टाकत होती. हेमाताई ते सूप बघत होत्या. काही वेळाने त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मी गच्चीवर जाते." त्यांना पुरेसं झालं की त्या अशाच उठायच्या.

माय मला आत घेऊन गेली. चुलीपाशी उभी राहून, दाराकडे बघत, अगदी हळू बोलायला लागली. मला अहिराणी पूर्ण येत नाही, पण यातलं सगळं कळलं.

"चार वरीस ती बोलनी नही. एक शबद नही. मन्ही सासू म्हने, बाहेरनं शे हाई. भगतकडे लई गवूत. त्यानी बांगडी तपाडी आन पोटवर डाग दिधा." तिने स्वतःच्या पोटावर, डाव्या बाजूला हात ठेवला. "पाय मी धरेल व्हतात. दोन्ही पाय मीच धरेल व्हतात. ती रडनी नही, ताई. नुसती मन्हाकडे देखत राहिनी."

तापवलेल्या बांगडीचा डाग. मला त्या तीन पानांतली ओळ आठवली. गोल जन्मखूण.

"त्यांना माहीत नाही?" मी विचारलं.

"मी तिले सांगं, जनमनी खूण शे." मग तिने माझा हात धरला. "तिले सांगू नका. कागदवर लिखू नका. तिन्हा बापनी पंचसमोर सांगं, पोरमा खोट नही. तो मरी गया. आते मी काय सांगू?"

मी म्हटलं, "माय, तुम्ही नाशिकला या. डॉक्टरांना एकट्यांना सांगा. हेमाताई बाहेर थांबतील."

"मी येवाव नही," ती म्हणाली. येणार नाही. आणि पदराने डोळे पुसून चहा ठेवायला लागली.

निघताना संजय फाटकापर्यंत आला. वाईट माणूस नव्हता, अवघडला होता. "मॅडम, ताईला आम्ही कधी काही कमी केलं नाही. वर्षाचं धान्य पोचवतो. पण पल्लवीचं जमत आलंय. ती मंडळी सगळं विचारतात. आत्या सासरी का नाही, विचारलं, तर आम्ही म्हटलं, नोकरी करते. आता असा कागद निघाला तर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

परतीच्या गाडीत देवळा येईपर्यंत हेमाताईंच्या कानांत कापूस होता. मग त्यांनी तो काढला.

"माय तुम्हाला आत काय म्हणाली?"

मी खिडकीबाहेर बघितलं. "चहात साखर किती, ते विचारत होत्या."

"बरं," त्या म्हणाल्या आणि कापूस परत घातला. त्यांनी ते खरं मानलं. माणसं बोलतात त्यापेक्षा वेगळं काही मनात धरून असतात, हे त्यांना डोक्याने ठाऊक होतं. पण मी त्यातली आहे, हे त्यांना वाटलं नव्हतं.

पुढचे दहा-बारा दिवस मी काय काय केलं ते आठवलं की स्वतःचीच कीव येते. संजयला दोनदा फोन केला, माय फोनवर आली नाही. मुंबईच्या डॉक्टरांच्या मदतनीस बाईंना विचारलं. आई नसेल तरी तपासणी होईल, त्या म्हणाल्या, फक्त रिपोर्टमध्ये 'बालपणीची माहिती अपुरी' असं येईल. मी ते आनंदाने हेमाताईंना सांगितलं.

"अपुरी माहिती असलेला रिपोर्ट मी तुम्हाला परत पाठवते," त्या म्हणाल्या. "तो कसा घेऊ?"

"घ्या हो. नसण्यापेक्षा बरा."

"तुम्ही येता का माहिती द्यायला?"

"मी तुम्हाला लहानपणी कुठे पाहिलंय?" मी म्हटलं. जे पाहिलं नव्हतं ते मला सगळं माहीत झालं होतं, आणि ते माझ्या तोंडाशी येऊन थांबलं. सांगितलं असतं तर रकाना भरला असता. पण चार वर्षांच्या मुलीचे पाय कुणी धरले होते, हेही त्याच वाक्यात होतं. ते वेगळं काढून सांगायची युक्ती मला सापडली नाही. अजूनही सापडलेली नाही.

तपासणीच्या दोन दिवस आधी त्या माझ्या टेबलाशी आल्या, चिठ्ठी काढली, माझ्या फोनवरून नंबर लावायला सांगितला आणि वाचून दाखवलं. "हॅलो. माझं नाव हेमलता देवरे. शनिवारची वेळ रद्द करा. माहिती देणारी व्यक्ती उपलब्ध नाही." पलीकडच्या बाई काहीतरी म्हणाल्या, बहुधा पुढची तारीख देऊ का. ते चिठ्ठीत नव्हतं. हेमाताईंनी फोन माझ्या हातात दिला. मीही बंद केला.

त्यानंतर हा विषय त्यांनी काढला नाही. काम तसंच चोख. फक्त 'स्वमग्नता' टाइप करताना त्या माझ्याकडे यायच्या थांबल्या. मी एकदा स्वतः म्हटलं, "हा शब्द बदलूया का?" त्या म्हणाल्या, "असू दे. मला त्याबद्दल बोलायचा अधिकार नाही." त्यांनी हे अगदी साधेपणाने म्हटलं. कागद नाही तर अधिकार नाही.

पल्लवीचं लग्न झालं. हेमाताई दोन दिवस जाऊन आल्या. कसं झालं विचारलं, तर म्हणाल्या, "मला गच्चीवर बसायला सांगितलं होतं. चांगलं झालं." पुढे पावसाळ्यात माय न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती परत उभी राहिली नाही. संजयची बायको एकटी किती करणार. हेमाताईंनी राजीनामा टाइप केला, तीन ओळींचा, आणि सटाण्याला निघून गेल्या. त्यांच्या जागी आलेली मुलगी छान आहे, सगळ्यांशी हसून बोलते. आमच्या रिपोर्टमध्ये तिला कधी काही चूक दिसत नाही.

या हिवाळ्यात त्या बाजूला एका शाळेत मुलांच्या तपासणीचं शिबिर होतं. दुपारी वेळ काढून मी संजयच्या घरी गेले. तो बाजारात होता. पुढच्या खोलीत मायची खाट. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, अंगाने अर्धी झाली होती. खाटेच्या पायथ्याशी हेमाताई. मायचे दोन्ही पाय त्यांच्या मांडीवर.

"बसा," त्या म्हणाल्या. मी कशी आहे ते त्यांनी विचारलं नाही, मीही नाही. त्या मायचं सगळं सांगत राहिल्या. किती वाजता उठते, कोणत्या कुशीवर दुखतं, भाताची पेज किती चमचे जाते. वहीत लिहून ठेवलं होतं. इतकी नीट शुश्रूषा मी दवाखान्यातही पाहिली नाही. सांगता सांगता त्या थांबल्या.

"दुपारी झोपेत बोलते," त्या म्हणाल्या. "रोज तेच. 'पाय सोडा, पोर लहान शे.' डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, वयामुळे होतं. पण मला वाटतं, हिचेच पाय दुखत असणार. दुसरं कुणी नाहीच ना इथे. म्हणून मी चेपत बसते. चेपले की गप होते."

मी मायकडे बघितलं. तिने मान वळवली होती. डोळे उघडे होते. ती माझ्याकडे बघत होती, हलत नव्हती.

"हेमाताई," मी म्हटलं.

"बोला." त्या हातातलं काम थांबवून माझ्या कानाच्या पाळीकडे बघत थांबल्या. मी जे सांगेन ते खरं मानायला तयार.

मी म्हटलं, "थोडं पाणी देता?"

त्यांनी मायचे पाय एकेक करून उशीवर ठेवले, पांघरूण सारखं केलं आणि आत गेल्या. जरा वेळाने आल्या. तांब्या काठोकाठ भरला होता. तो दोन्ही हातांत धरून, पाण्यावरची नजर न काढता, सांडू नये म्हणून एकेक पाऊल टाकत त्या माझ्याकडे येत होत्या.